आवडती रंगीत पेन्सिल बंद झाली, आता तिच्या जागी कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी नागपुरात रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढते आणि सुटीच्या दिवशी घरी शिकवतेही. माझ्याकडे शाळकरी मुलं येतात, घरकाम आटोपून आलेल्या गृहिणी येतात, निवृत्त झालेले काका येतात. जवळजवळ प्रत्येकावर कधी ना कधी एक वेळ येते: हाताला बसलेली एक पेन्सिल दुकानात मिळेनाशी होते. बाकी पंचवीस पेन्सिली डब्यात असतात, पण चित्र त्या एकीवाचून अडतं. त्या वेळी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पेन्सिल खरंच बंद झाली आहे की फक्त इथे मिळत नाही, हे कसं ओळखायचं?

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन दुकानांत "ताई, तो माल आता वरूनच येत नाही" असं ऐकलं म्हणजे पेन्सिल बंद झाली असं होत नाही. कधी फक्त वितरक बदललेला असतो, कधी सुटी पेन्सिल यायची थांबते पण डब्यात ती असतेच. आधी पेन्सिलीवरचा क्रमांक बघा. नाव नाही, क्रमांक. मग कंपनीचा चालू रंगतक्ता काढा आणि त्यात तो क्रमांक आहे का ते तपासा. तक्त्यात असेल तर शोध चालू ठेवा. इतवारीच्या घाऊक बाजारात किंवा पुण्या-मुंबईच्या दुकानांत फोन करून मिळण्याची शक्यता आहे. तक्त्यातूनच गेला असेल तर मात्र पुढचं वाचा.

तिसरी शक्यता जास्त फसवी असते. क्रमांक तोच, नाव तेच, वेष्टन नवं, आणि आतली कांडी बदललेली. कागदावर ओढल्यावर कळतं: पूर्वी लोण्यासारखी लागायची, आता खरखरते. माझ्या मते ही पेन्सिलसुद्धा बंदच झाली असं समजावं आणि तिच्या नावावर विसंबणं सोडावं.

चांगली चालणारी पेन्सिल कंपन्या बंद का करतात?

बहुतेक वेळा रंगद्रव्यामुळे. पेन्सिलीची कांडी म्हणजे रंगद्रव्य, मेण किंवा तेल, चिकटवणारा डिंकासारखा पदार्थ आणि चिनी माती किंवा शंखजिऱ्यासारखी भर. यातलं रंगद्रव्य पेन्सिल कंपनी सहसा स्वतः बनवत नाही. ते मोठ्या रसायन कारखान्यांतून येतं, आणि त्या कारखान्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे वाहनांचे रंग, प्लास्टिक, छपाईची शाई. जलरंगवाल्यांचा क्विनाक्रिडोन गोल्ड हा रंग असाच गेला. पीओ ४९ हे त्याचं रंगद्रव्य गाड्यांच्या रंगासाठी बनत होतं. तिथली मागणी आटली आणि २००१ च्या सुमारास उत्पादन थांबलं. चित्रकार कितीही हळहळले तरी त्यांच्यासाठी कोणी रसायनाची भट्टी चालू ठेवत नाही.

दुसरं कारण मालकी. प्रिझ्माकलर ही रंगीत पेन्सिल १९३८ मध्ये ईगल कंपनीने आणली, पुढे ती बेरोलकडे गेली, मग सॅनफर्डकडे. अशा प्रत्येक हस्तांतरात कारखाना, लाकूड, मेणाचं प्रमाण यांतलं काही ना काही बदलू शकतं.

माझ्याकडे एक थोटूक उरलं आहे. आधी काय करू?

त्याने रंगवणं आजच थांबवा. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे. शेवटचे दोन इंच चित्रासाठी नाहीत, मोजमापासाठी आहेत. थोटूक संपलं की तुलना करायला फक्त आठवण उरते, आणि रंगाची आठवण फार दगा देते. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आठवणीतला रंग नेहमी जास्त झळझळीत असतो. मी स्वतः एक करडा-जांभळा असाच संपवला आणि नंतर वर्षभर चुकीच्या पेन्सिली विकत घेत राहिले.

तुम्ही नेहमी वापरता त्याच कागदाची वीतभर पट्टी घ्या. त्यावर तीन चौकोन भरा: एक अगदी हलक्या हाताने, एक मध्यम दाबाने, एक पूर्ण दाबून, कागदाचे खड्डे बुजेपर्यंत. दोन पेन्सिली हलक्या हाताला अगदी सारख्या दिसतात आणि दाबल्यावर एक लालसर होते, दुसरी तपकिरी. म्हणून तिन्ही चौकोन हवेत. चौथा चौकोन काळ्या कागदावर, रंग किती झाकतो ते कळायला. पाचव्यावर खोडरबर फिरवा. सहाव्यावर ओली कुंची, कारण कधी कधी आपली लाडकी पेन्सिल जलरंगी होती हे आपल्यालाच माहीत नसतं. मग थोटकाच्या रंगावर तुमचा नेहमीचा पिवळा आणि नेहमीचा निळा चढवून बघा. शेजारी लिहा: पूर्ण नाव, क्रमांक, कागद, तारीख.

एवढं केल्यावर पट्टी आणि थोटूक दोन्ही वहीत ठेवा, थोटूक पानाला चिकटपट्टीने लावून. दुकानात जाताना ही पट्टी न्यायची, थोटूक न्यायचं नाही. हरवतं.

थोटूकही नाही. फक्त जुनं चित्र आहे.

तरी काम होतं. पांढऱ्या जाड कागदाला बोटाच्या नखाएवढी चौकोनी खिडकी कापा. ती चित्रातल्या अशा जागी ठेवा, जिथे तो रंग एकटा आहे, दुसऱ्या रंगाशी मिसळलेला नाही. शेजारचे रंग झाकले गेले की डोळा फसत नाही. दुसरी तशीच खिडकी नव्या पेन्सिलीच्या नमुन्यावर ठेवून दोन्ही शेजारी बघा. आजूबाजूचा हिरवा गेल्यावर "लाल" समजलेला रंग विटकरी निघाला, असं माझ्या वर्गात कितीदा झालं आहे.

हे बघणं दिवसाच्या उजेडात करा, थेट उन्हात नाही. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग गच्चीवर वेगळे दिसू शकतात, कारण दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक दिव्यात ती वेगळी वागतात. मी नमुना दोनदा बघते: सकाळी खिडकीपाशी, आणि रात्री जिथे चित्र लावायचं त्या खोलीतल्या दिव्यात. फोटो काढून पडद्यावर रंग जुळवू नका. फोटोचा उपयोग एकाच गोष्टीला: तो कृष्णधवल करून दोन नमुन्यांचा गडदपणा सारखा आहे का ते तपासायला. आणि खरं सांगायचं तर गडदपणा जुळला की अर्धं काम झालं. छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी चित्र ती सांभाळून घेतं. गडदपणा चुकला की गोल फळ सपाट दिसू लागतं.

दुसऱ्या कंपनीची त्याच नावाची पेन्सिल घेतली तर चालेल ना?

नावावर जाऊ नका. "व्हर्मिलियन", "पीकॉक ब्लू", "ऑलिव्ह ग्रीन" ही नावं प्रत्येक कंपनी आपल्या मनाने देते. त्यापेक्षा रंगद्रव्याचा क्रमांक भरवशाचा. अल्ट्रामरीनचा पीबी २९, थॅलो निळ्याचा पीबी १५. काही कंपन्या आपल्या कलाकारांसाठीच्या मालाच्या तक्त्यात हे क्रमांक देतात. दोन्हीकडे एकच क्रमांक असेल तर छटा जवळ येण्याची आशा धरावी. मात्र पेन्सिलीत बरेचदा दोन-तीन रंगद्रव्यं एकत्र असतात, शिवाय पांढरी भर असते, म्हणून क्रमांक जुळला तरी पट्टी काढून बघायचीच.

मेणाची आणि तेलाची यात एवढा काय फरक?

हाताला लागणारा फरक हाच आहे, आणि बदली पेन्सिल रंगाने जुळूनही "आवडत नाही" याचं कारण नव्वद टक्के इथेच असतं. मेण जास्त असलेली कांडी मऊ, पटकन भरणारी, घोटली की चकाकणारी. तेलाच्या अंगाची कांडी थोडी कडक, तिचं टोक टिकतं, थर जास्त चढतात, आणि बारीक रेषा, केस, पानाच्या शिरा यांना ती बरी. मेणाच्या पेन्सिलीने गडद भरलेल्या जागेवर काही आठवड्यांनी पांढुरकी साय येते. बुरशी समजून घाबरू नका, ते वर आलेलं मेण आहे. मऊ सुती कापडाने हलकं पुसलं की जातं.

तुमची गेलेली पेन्सिल मेणाची होती आणि तुम्ही घोटून काम करत असाल, तर बदली आधी मेणाच्या कुळात शोधा. रंग थोडा कमी जुळला तरी हात तोच राहतो.

मग नेमकी कोणती घेऊ? नावं सांगा.

माझा अनुभव सांगते, तुमचा हात वेगळा असू शकतो.

फेबर-कॅसलची पॉलिक्रोमोस तेलाच्या अंगाची, १२० रंगांची. बारीक कामाला माझी पहिली पसंती. त्याच कंपनीच्या शाळकरी डब्यांशी तिची तुलना करू नका, तो पूर्ण वेगळा माल आहे. प्रिझ्माकलर प्रीमियर मेणाची, खूप मऊ, १५० रंगांची. डरवेंटची कलरसॉफ्टही मऊ, ७२ रंगांची. कारान दाशची लुमिनान्स मेणाची आणि उन्हाला टिकणारी, पण महाग. तिचे एक-दोन रंगच सुटे घ्यावेत. त्याच कंपनीची पाब्लो कडकपणात मधली, आणि मऊ वाटणारी पेन्सिल गेली असेल तर निराश करू शकते.

आपल्याकडच्या कॅमलिन, डोम्स या पेन्सिली रोजच्या सरावाला उत्तम आहेत, आणि मुलांच्या हाती त्याच द्याव्यात. पण कलाकारी दर्जाच्या पेन्सिलीची जागा त्या एकट्याने घेतील अशी अपेक्षा ठेवू नका. खालचा पहिला थर त्यांचा आणि वरचे दोन थर महागड्या पेन्सिलीचे, असं मी खुशाल करते.

पूर्ण डबा मात्र एका रंगासाठी घेऊ नका. एक सुटी पेन्सिल, एक पट्टी, मग निर्णय.

एकही पेन्सिल तंतोतंत जुळत नाही. आता?

मग एकीच्या जागी दोन किंवा तीन. मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो, कारण एकदा मिश्रण बसलं की पुढे कुठलीही पेन्सिल बंद झाली तरी हात रिकामा राहत नाही.

माझी गेलेली पेन्सिल केशरी होती, किंचित विटकरीकडे झुकलेली, आणि नागपुरात राहून संत्रं काढायचं म्हटल्यावर तिची गरज रोजची. बाजारातले बहुतेक केशरी रंग झेंडूच्या फुलासारखे पेटलेले असतात. संत्रं तसं नसतं. आंबिया बहराचं फळ देठापाशी हिरवट असतानाच बाजारात येतं, मृगाचं गडद, सालीला बारीक खड्डे आणि त्या खड्ड्यांत तपकिरी सावली. ती एक जुनी पेन्सिल हे सगळं एका थरात सांगायची.

तिच्या जागी मी आता आधी फिका पिवळा गेरू हलक्या हाताने गोल फिरवून लावते. त्यावर पॉलिक्रोमोसचा ११५, म्हणजे डार्क कॅडमियम ऑरेंज, दोन पातळ थर. मग सावलीकडच्या बाजूला १८६, टेराकोटा, टोक अणकुचीदार ठेवून, रेषा ओढत नाही, ठिपक्यांसारखं टेकवत. उलट क्रमाने करून बघा, टेराकोटा आधी आणि केशरी वर, तर फळ पिकून उतरल्यासारखं दिसतं. क्रम बदलला की रंग बदलतो, म्हणून पट्टीवर रंगांचीच नाही तर क्रमाचीही नोंद ठेवा.

पळसासाठी हेच मिश्रण चालत नाही, तिथे टेराकोटाऐवजी लाल लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराबाहेर रस्त्याच्या कडेला पळस फुलतो तेव्हा एक पाकळी आणून शेजारी ठेवा आणि स्वतः जुळवा. पाकळी दुसऱ्या दिवशी काळवंडते, त्यामुळे त्याच संध्याकाळी.

उन्हाळ्यात पेन्सिल मऊ पडते. बदली निवडताना याचा विचार करायचा का?

नागपुरात तर नक्कीच. ४५-४६ अंशांच्या दुपारी मेणाची कांडी वितळत नाही, पण इतकी नरमते की टोक दबतं आणि रेषा फासल्यासारखी होते. त्याच पेन्सिलीची जानेवारीतली पट्टी आणि मेमधली पट्टी शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या पेन्सिली वाटतील. म्हणून बदलीची चाचणी नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, दुपारी घेऊन "फार मऊ आहे" असा शेरा मारू नका. सकाळी सहा-सातला बसा.

कूलरसमोर बसून काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट: कूलरची हवा दमट असते, कागद ओल धरतो आणि त्यावर रंग नीट चढत नाही. पेन्सिलीचा दोष नसतो तो. कूलर मागे किंवा बाजूला ठेवा आणि न वापरलेले कागद प्लास्टिकच्या पाकिटात. बंद गाडीत पेन्सिलींचा डबा ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

नवी पेन्सिल उन्हाने फिकी पडेल का, घरी तपासता येतं?

येतं, आणि त्यासाठी आपल्याकडचं ऊन फार उपयोगी आहे. नमुन्याची पट्टी अर्धी जाड काळ्या कागदाने किंवा फॉइलने झाका आणि खिडकीच्या काचेला आतून लावा. कोणती खिडकी, हे बघून ठरवा: मे महिन्यात नागपुरात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतच नाही, तेव्हा पश्चिमेची घ्या. हिवाळ्यात दक्षिणेची. दोन महिन्यांनी झाकण काढा. गुलाबी, जांभळे आणि काही फिके निळे पाहून वाईट वाटण्याची तयारी ठेवा.

विकतच्या पेन्सिलीवर खूण असते तीही बघा. पॉलिक्रोमोसवर तारे छापलेले असतात, तीन तारे म्हणजे सगळ्यात टिकाऊ. रंगीत पेन्सिलीचा रंग उजेडात किती टिकतो हे ठरवायला एएसटीएम या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं डी ६९०१ हे प्रमाण आहे. लुमिनान्सचं पूर्ण नाव लुमिनान्स ६९०१, त्यातला आकडा तिथूनच आला. चित्र विकायचं किंवा कुणाला द्यायचं असेल तर जुळणारी पण फिकी पडणारी पेन्सिल मी घेत नाही, थोडी न जुळणारी पण टिकणारी घेते.

जुन्या साठ्यातली तीच पेन्सिल ऑनलाइन तिप्पट भावाने दिसते. घेऊ?

एक-दोन घ्यायला हरकत नाही. पेन्सिल नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. पण विक्रेत्याकडून पेन्सिलीचा दोन्ही टोकांचा फोटो मागा. मी एकदा न मागता सहा पेन्सिलींचे पैसे भरले. आल्या तेव्हा लाकूड ठीक होतं, कांडी एका बाजूला सरकलेली, आणि शार्पनरमध्ये घातली की दर वेळी टोक तुटून हातात. सहापैकी दोनच वापरता आल्या. परतही घेतल्या नाहीत. कांडी बरोबर मध्ये आहे का, हे टोकाच्या फोटोत लगेच दिसतं.

भावाचंही एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिलींवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. जुना छापील भाव दाखवून कर धरून पैसे मागितले तर विचारा.

मुलाची ग्रेड परीक्षा जवळ आली आहे आणि त्याची पेन्सिल मिळत नाही.

एलिमेंटरी असो की इंटरमीजिएट, परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात नवी पेन्सिल हातात देऊ नका. डब्यातल्या दोन रंगांतून जवळचा रंग करायला शिकवा, तेवढं पुरतं.

नागपुरात सुटी पेन्सिल बघायला कुठे जायचं?

बर्डी आणि धरमपेठेतली चित्रसाहित्याची दुकानं आधी. तिथे नसेल तर इतवारी, पण घाऊकवाले सहसा डबाच देतात, सुटी नाही. चित्रकला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना विचारा; कोणत्या दुकानदाराकडे काय पडून आहे हे त्यांना सगळ्यांआधी माहीत असतं. आणि दुकानदाराला विनंती करून जुना माल ठेवलेला खालचा खण उघडायला लावा. मला एक हिरवी तशीच मिळाली होती, धुळीने माखलेली, चार जणी एका रबरात बांधलेल्या.

कंपनीला लिहून काही होतं का?

कधी कधी होतं. जपानमध्ये मित्सुबिशी पेन्सिल कंपनीची ७७०० ही कडक रंगीत पेन्सिल अॅनिमेशनचे कलाकार वर्षानुवर्षं वापरत आले. कंपनीने ती बंद करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी विनंती केली आणि काही रंग पुढे चालू राहिले. २०२१ मध्ये केशरी, पोपटी आणि आकाशी हेही थांबले, लाल मात्र ठेवला. म्हणजे विनंतीने पाच-सहा वर्षं मिळाली, आणि पर्याय शोधायला ती पुष्कळ आहेत. लिहिताना "परत आणा" एवढंच लिहू नका. क्रमांक द्या, कशासाठी वापरता ते द्या, आणि त्या रंगात कोणतं रंगद्रव्य होतं ते विचारा. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर तुमचा शोध निम्म्याने कमी होतो.

चित्र अर्धं झालंय आणि पेन्सिल संपली. आता जोड दिसेल का?

नव्या रंगाने फक्त उरलेली जागा भरली तर दिसेल. म्हणून नव्या पेन्सिलीचा एक पातळ थर जुन्या भागावरही फिरवा, आणि थोटूक उरलं असेल, त्याची पट्टी काढून झाली असेल, तर त्याचा शेवटचा थर नव्या भागावर, दोन्ही एकमेकांत बोटभर सरकवून. जोड सपाट जागी, आकाशात किंवा भिंतीवर आणू नका. पानाच्या कडेला, घडीत, सावलीत आणा. माझ्या एका विद्यार्थिनीचं अंबाझरीच्या तलावाचं चित्र असंच अर्ध्यात अडकलं होतं. पाण्याचा निळा संपला. आम्ही जोड काठावरच्या गवताच्या सावलीत नेली आणि वरून दोन्ही निळे आडव्या रेषांनी एकमेकांत विणले. तिने तो कागद महिनाभर भिंतीला लावून ठेवला होता, आणि आम्हा दोघींनाही नंतर ती जागा शोधावी लागली.